आवाज नको, हादरा पाहिजे

“आवाज कमी असला तरी चालेल. हादरा पाहिजे,” तो माणूस म्हणाला.

काउंटरवर दिगंबर होता. त्याने मालकांकडे, म्हणजे मगदूम अण्णांकडे बघितलं आणि आलेलं हसू गिळलं. मी मागे शिलाई मशिनवर एका स्कॉर्पिओचं सीट कव्हर शिवत होते. पाय मशिनवर होते, कान पुढे होता. माझा कान नेहमीच पुढे असतो, आणि हे मी अभिमानाने सांगते.

“सर, आवाजाबिगर हादरा कसा यील?” दिगंबर म्हणाला. “गाडी कंची?”

“ओम्नी. जुनी आहे.”

“आन् बजेट?”

“साडेआठ हजार. सबवूफर, अ‍ॅम्प्लिफायर, वायर, खोकं, फिटिंग सगळं धरून. वर एक रुपया नाही माझ्याकडे. आणि सव्वीस जानेवारीला बावीसच दिवस राहिलेत, तेव्हा लवकर.”

पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. शर्टाच्या बाहीला खडूची पूड. नाव खंडागळे, कामेरी रस्त्याच्या एका शाळेत शिक्षक, एवढं त्यांनी सांगितलं. कुठली शाळा, असं अण्णांनी विचारलं तर “आहे तिकडे एक” म्हणून त्यांनी विषय बदलला.

ही दोन हजार नऊची गोष्ट, इस्लामपुरातली. गाडीत नुसता ढोलासारखा जाड आवाज काढणारा स्पीकर असतो, तो सबवूफर. त्याला ताकद पुरवणारा डबा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. आम्ही सब आणि अ‍ॅम्प म्हणायचो. या दोघांची जोडी जमवणं म्हणजे थेट लग्न जमवणंच. मुलाकडचे पगार फुगवून सांगतात, तसे कंपन्या खोक्यावर वॉट फुगवून छापतात. आणि लग्न झाल्यावर कळतं.

मी विजयमाला लोहार. माहेर विट्याचं. आमच्या आबांचं तिथे मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांची काळी पडलेली तार काढायची आणि नवी गुंडाळायची. चौथीत असल्यापासून मी आबांच्या शेजारी बसून वेढे मोजायची. बारावीला येईपर्यंत तार नुसती चिमटीत धरून तिची जाडी सांगायची, आणि आबा गिऱ्हाइकांसमोर माझी परीक्षा घ्यायचे. एकदाही चुकले नाही. मग लग्न होऊन इस्लामपुरात आले, आणि इथे बाईमाणसाला येणारं काम म्हणून सगळ्यांना एकच दिसलं, शिवण. मगदूम अण्णांच्या दुकानात मी तीन वर्षं सीट कव्हर शिवली. दुकानात मला नावसुद्धा नव्हतं. ‘शिवणवाल्या बाई’, बस्स.

आदल्या डिसेंबरातच अण्णांनी सांगितलं होतं, “ताई, जानेवारीअखेर शिलाई बंद. दिल्लीवरनं रेडिमेड कव्हर येत्यात. सस्ती पडत्यात.”

“मग मला वायरिंगला घ्या,” मी म्हटलं होतं.

अण्णा वाईट माणूस नव्हता. ते हसले फक्त. “गाडीखाली झोपणार हाय काय तुम्ही?” दिगंबरने मात्र पुढे जोडलं, “बाई, करंट हाय त्यो. काजं-बटनं न्हवं.” हे मी विसरले नाही. मी असलं काही विसरत नाही.

तर दिगंबरने सरांना जोडी काढून दिली. सबच्या खोक्यावर १८०० वॉट, अ‍ॅम्पच्या खोक्यावर २००० वॉट, दोन्हीवर पेटलेल्या वाघाचं चित्र. “एक नंबर जोडी, सर. गाव हादरंल.”

संध्याकाळी फिटिंग झालं. सरांनी खिशातून स्वतःची सीडी काढली. तिच्यात गाणं नव्हतं, नुसती हलगी होती. दिगंबरने बटण फिरवलं, दहा ठोके दणक्यात पडले, आणि अ‍ॅम्पवर लाल दिवा लागून सगळं गप्प. पुन्हा लावलं. पुन्हा दहा ठोके, लाल दिवा.

“गाडीची बॅटरी जुनी हाय,” दिगंबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सर नवी बॅटरी उसनी घेऊन आले. तोच लाल दिवा. तिसऱ्या दिवशी दिगंबरने वायर बदलली, शिव्या दिल्या, अ‍ॅम्पला पंखा लावला. तरी लाल दिवा.

खंडागळे सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसून म्हणाले, “नसेल जमत तर तसं सांगा. सांगलीत दोन दुकानांनी मला हसून परत पाठवलंय. तुम्ही निदान हसला नाहीत.”

दिगंबरने मान खाली घातली. अण्णांचा चेहरा पडला. त्यांच्या दुकानातून गिऱ्हाईक परत गेलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मी मशिन थांबवलं. “अण्णा, मी बघू?”

“बाई, तुमी सुई बगा,” दिगंबर म्हणाला.

“मी अण्णांना विचारलंय.” मग जे बोलले ते बोलायची खरं तर गरज नव्हती, पण माझी जीभ तेव्हाही अशीच होती. “हे जमलं, तर एक तारखेपासून मी फिटिंगला. काही जळालं, तर महिनाअखेरीची वाट बघत नाही, उद्यापासून घरी.”

अण्णांनी एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. “बगा ताई,” ते म्हणाले. “आता असं न् तसं अडलंयच.”

मी पदर खोचला आणि ओम्नीत चढले. पहिल्यांदा अ‍ॅम्पचा फ्यूज उपसला आणि दिगंबरच्या हातावर ठेवला. “किती लिहिलंय?”

“पंचवीस.”

“आणि खोक्यावर?”

“दोन हजार वॉट.”

“दोन हजार वॉट बाहेर काढायला दीडशे अँपिअर आत जावे लागतात. पंचवीसच्या फ्यूजमधून कसे जाणार? कंपनीनेच पंचवीसचा बसवलाय म्हणजे याचं पोट तेवढंच. पंचवीस गुणिले तेरा, सव्वातीनशे. त्यातलं उष्णतेत जाईल ते सोड. राहिले दोनशे.” आबा म्हणायचे, पाटीवर काय वाटेल ते लिहा, फ्यूज खोटं बोलत नाही.

दिगंबर फ्यूज उलटसुलट करून बघत राहिला.

“आता सब बघ. याला दोन कॉइल आहेत, चार-चार ओहमच्या.” ओहम म्हणजे तार करंटला किती अडवते त्याचं माप, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. “तू दोन्ही शेजारी-शेजारी जोडल्यास. म्हणजे दोन वाटा उघडल्या. अडवणूक निम्मी झाली, दोन ओहम. करंट धो धो वाहणार आणि हा बिचारा दमून लाल दिवा लावणार. याच्या बुडावर बारीक अक्षरात लिहिलंय बघ, चारच्या खाली नको.”

दिगंबरने अ‍ॅम्प उलटा करून वाचलं. लिहिलेलं होतं. “मग एकामागं एक जोडू,” तो म्हणाला. डोकं चांगलं होतं त्याचं, फक्त खोक्यावर विश्वास फार.

“मग आठ होतील. अ‍ॅम्प जळणार नाही, पण दम निम्मा. आपल्याला बरोब्बर चार पाहिजेत.”

“ते कुटनं आणायचं?”

मी दुकानात गेले आणि खालच्या फळीवरचं एक खोकं ओढून काढलं. त्यावर तीन बोटं धूळ होती. दहा इंची सब, आणि खोक्यावर प्रामाणिकपणे छापलेलं, २५० वॉट. आकडा लहान म्हणून दोन वर्षांत कोणी हात लावला नव्हता. मी रोज झाडताना त्याच्याकडे बघायची. लोहचुंबक तव्याएवढं होतं.

“अडीचशे?” दिगंबर म्हणाला. “सर, ट्रकच्या जागी बैलगाडी द्यालीत बाई तुमाला.”

“मीटर लाव,” मी म्हटलं.

त्याने लावला. एका कॉइलला एक पूर्णांक आठ, दुसरीलाही तेवढंच. मीटरवर थोडं कमीच दिसतं, म्हणजे दोन-दोनच्या कॉइल. एकामागे एक जोडल्या की चार. दोनशेचा अ‍ॅम्प, अडीचशेचा सब, मधे चार ओहम. पत्रिका जुळली. शिवाय वाघाच्या सबपेक्षा तो अकराशे रुपयांनी स्वस्त निघाला, आणि त्या पैशांत मी बॅटरीपासून जाड, खऱ्या तांब्याची वायर घेतली. दिगंबरने आधी लावलेली वायर वरून तांब्याची आणि आत अ‍ॅल्युमिनियमची होती. ती मी चिमटीत धरल्या-धरल्या ओळखली होती.

पण नुसतं एवढं करून भागणार नव्हतं. तीन दिवस मी मशिनवरून त्या सरांना बघत होते. गाडीत सिस्टिम लावली की लोक मान डोलावतात, बोटांनी स्टीअरिंग वाजवतात. हे सर पत्र्यावर तळहात टेकवायचे आणि डोळे मिटायचे. एकदा त्यांनी चप्पल काढून अनवाणी पाय गाडीच्या तळाला लावला होता. हा माणूस ऐकत नव्हताच.

“दिगंबर, मॅटिंग काढ,” मी म्हटलं. “सगळं. पत्रा उघडा कर. सबचं लाकडी खोकं थेट पत्र्याला बोल्टाने आवळायचं, मधे रबर नको.”

“अवो बाई, पत्रा थरथर वाजंल! त्योच आवाज मारायला तर आमी डांबरी शीट चिकटवतो.”

“सरांना पत्राच पाहिजे. आणि मागची सीट मला दे. चार इंची फोम सगळा हादरा गिळून बसतो. मी तो काढून पातळ शिवते.”

खंडागळे सर पायरीवरून उठले. “तुम्हाला कोणी सांगितलं, मला पत्रा पाहिजे म्हणून?”

“तुमच्या हातानेच सांगितलं, सर.”

ते माठाकडे जाऊन पाणी प्यायले. खूप वेळ पाणी पीत होते.

दुपारी चारला मी बटण फिरवलं. हलगी वाजली. दहा ठोके, वीस, पन्नास. दिवा हिरवाच. दिगंबर त्या दिव्याकडे दूध उतू जाईल म्हणून बघावं तसा बघत होता. एक तास वाजवलं, अ‍ॅम्प फक्त कोमट झाला. अण्णा म्हणाले, “जमलं की ताई!” आणि मी, खरं सांगते, फुगले. मनातल्या मनात एक तारखेपासून माझं स्टूल कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलं.

सर पत्र्यावर हात ठेवून उभे होते. “मला ठीक वाटतंय,” ते म्हणाले. “पण मी सांगून उपयोग नाही. ज्यांच्यासाठी केलंय त्यांना उद्या आणतो. ते सांगतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओम्नी दुकानासमोर थांबली. सरकता दरवाजा उघडला आणि आतून आठ मुलं उतरली. निळे गणवेश, प्रत्येकाच्या हातात लेझीम. आठ मुलं उतरली तरी रस्त्यावर गलका झाला नाही. ती सगळी बोलत होती, भराभर, पण हातांनी.

“आमची मूकबधिर शाळा आहे,” सर म्हणाले. “तालुक्याच्या मैदानावर सव्वीस जानेवारीला सगळ्या शाळांचं लेझीम असतं. आमच्या मुलांना दर वर्षी कडेला बसवतात आणि हातात कागदी झेंडे देतात. या वर्षी ती लेझीम खेळणार आहेत. ताल कानात जात नाही, तर पायातून जाऊ दे. मैदानात हलगी कितीही बडवली तरी मातीत विरते, म्हणून ही गाडी. हिच्यात रोज सराव करून ताल अंगात भिनला, की मैदानात ती माझ्या हाताकडे बघून खेळतील. आधी सांगितलं असतं तर... सांगलीत एकाने विचारलं, बहिऱ्यांना गाणी कशाला?”

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दिगंबर पायाशी पडलेला बोल्ट उगाच उचलून पुसायला लागला. आणि मी काल स्टूल कुठे ठेवायचं ते ठरवत होते, त्याची मला लाज वाटली.

मी बटण फिरवलं. आठही मुलं आत, अनवाणी. सर्वांत पुढे एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, नाव कोमल. तिने डोळे मिटले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिने डोळे उघडले आणि मान हलवली. नाही.

तिने सरांना हातांनी काहीतरी सांगितलं. एक तळहात दुसऱ्यावर घासत नेला, लांबलचक.

“ती म्हणते, सगळं एकच लागतंय,” सर हळूच म्हणाले. “ठोका सुटा लागत नाही. एक संपायच्या आत दुसरा येतो.”

मी गाडीत चढले, चप्पल काढली, पाय टेकवला. पोरीचं खरं होतं. ठोका पडून गेल्यावरही पत्रा गुणगुणत राहत होता. कानाला ते कळलंच नव्हतं, कारण माझा कान हलगी ऐकत होता. एवढा दिमाख मिरवलेला माझा कान!

मी दिगंबरकडे बघितलं. सगळ्यांसमोर म्हणायचं म्हणजे जीभ जड झाली, पण म्हटलं. “तू म्हणाला होतास. पत्रा थरथरतोय. तुझी डांबरी शीट पाहिजे.”

त्याला तेव्हा मला चार शब्द ऐकवता आले असते. मी त्याच्या जागी असते तर ऐकवले असते. तो गाडीत चढला, गुडघ्यावर बसला आणि बाजूच्या पत्र्यांवर टकटक करत पुढे सरकला. “तळ उगडाच ठिवायचा,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. “बाजू गुणगुणत्यात, त्या मारायच्या. आन् टप. टप लई वाजतंय.”

“शीटचे पैसे...” सर म्हणाले.

“मागल्या बोलेरोची उरलीय,” अण्णा म्हणाले. “पडूनच हाय.” बोलेरोची काही उरलेली नव्हती. त्यांनी नवं बंडल फोडलं, ते मी बघितलं.

दोन तास आम्ही दोघं त्या ओम्नीत होतो. तो शीट तापवून चिकटवायचा, मी पाय टेकवून सांगायचे, “इथे अजून आहे.” तो म्हणायचा, “व्हय, लागतंय.” अ‍ॅम्पवरचं एक बटण जाड ठोका तेवढा ठेवून बाकीचं गाळतं, ते मी केसाएवढं खाली आणलं. मुलं पायरीवर ओळीने बसून आम्हाला बघत होती आणि आपसात हातांनी आमच्यावर काहीतरी हसत होती.

मग पुन्हा सगळी आत चढली. मी बटण फिरवलं.

कोमलने डोळे मिटले. आठी नव्हती. काहीच नव्हतं चेहऱ्यावर. मग तिचा उजवा पाय उचलला गेला आणि पत्र्यावर पडला. पुन्हा पडला. हलगीच्या ठोक्यावर, बरोब्बर. तिच्या शेजारच्या मुलाने तिच्या पायाकडे न बघता आपला पाय मारला. मग तिसऱ्याने. मग आठही जणांचे पाय एकदम पडायला लागले, आणि ती खटारा ओम्नी रस्त्याच्या कडेला अशी उसळायला लागली की समोरचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून उभा राहिला. कोणीतरी लेझीम झटकलं. छन्न. पुढच्या ठोक्यावर सगळ्यांची. छन्न.

मी रडले. कारण काय सांगू? आबांनी शिकवलेलं सगळं त्या पत्र्यातून माझ्या पायांत येत होतं.

दिगंबर शेजारी उभा होता. त्याने गळ्यात अडकवलेला मीटर काढला आणि माझ्या हातात दिला.

निघताना कोमल थांबली. सरांना तिने काहीतरी सांगितलं, आणि सर हसले. “मुलं ओळखीच्या प्रत्येक माणसाला हाताचं नाव ठेवतात. माझं नाव चष्मा.” त्यांनी डोळ्याशी दोन बोटं नेली. “दिगंबररावांना त्यांनी मघाशीच ठेवलंय.” कोमलने ओठांवर मिशी पिळून दाखवली. “अण्णांचं मी सांगत नाही.” पण एका पोराने पोटासमोर मोठा घेर काढून दाखवलाच, आणि अण्णा सगळ्यांत जास्त हसले.

“आणि माझं?” मी विचारलं.

कोमलने माझ्याकडे बघितलं आणि मूठ आपल्या छातीवर दोनदा आपटली. धप, धप.

“याचा अर्थ काय, सर?”

“अर्थ नसतो, बाई. ते नाव आहे तुमचं.”

सव्वीस जानेवारीला मी मैदानावर गेले होते. मुलं खेळली. एक ठोका चुकला नाही, हे मी सांगते, आणि माझा शब्द पुरेसा आहे. एक तारखेला दिल्लीची कव्हर आली. माझं स्टूल दिगंबरच्या बाकाशेजारी गेलं, आणि त्या दिवसापासून तो मला ‘विजाताई’ म्हणायला लागला. पुढे सात वर्षांनी मी स्वतःचं दुकान टाकलं. पाटीवर ‘विजयमाला ऑटो इलेक्ट्रिकल्स’ असं लाल अक्षरांत आहे. अण्णांनी नारळ फोडला.

गेल्या उन्हाळ्यात मी सांगलीच्या स्टँडवर विट्याच्या गाडीची वाट बघत होते. दोन्ही हातांत पिशव्या, गर्दी, भोंग्यावर कुठल्या कुठल्या गाड्यांची नावं. पलीकडच्या फलाटावर एक तरुणी उभी होती. खांद्याला पर्स, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मी तिला ओळखलं नाही. वेण्या नव्हत्या. ती माझ्याकडे एकटक बघत होती. मग एवढ्या सगळ्या गोंगाटातून तिने मला हाक मारली. मूठ छातीवर, दोनदा.

मी पिशव्या खाली ठेवल्या. स्टँडवरच्या कुणाला काही कळलं नाही. मी मूठ वळली आणि माझ्या छातीवर दोनदा आपटली. होय, मीच.